रांजणाचा तळ

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमले नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात लेखणी आली ती किराण्याची यादी करण्यापुरतीच. म्हणून जे कोणी ही वही उघडेल त्याने चुका पोटात घालाव्यात. खरे तर कोणी उघडू नये असेच मला वाटते. ही वही मी लुगड्यांच्या पेटीत अगदी खाली ठेवते. चार माणसांत बसले की माझ्या घशातून शब्द निघत नाही, जन्मभर तसेच झाले. कागदापुढे तेवढे अवघड वाटत नाही.

लिहायचे आहे ते पिण्याच्या पाण्याविषयी. माझी मोठी मुलगी तीन वर्षांची असताना हातची जाता जाता राहिली ती पाण्यामुळे. ती राहिली, आता तिचीच मुले शाळेत जातात. पण त्या दुखण्यात माझी स्वतःची चूक किती होती हे मी घरात कोणालाच पुरते सांगितलेले नाही.

माझे माहेर पातूरचे. डोंगराच्या पायथ्याची विहीर, पाणी गोड. पाण्याला चव असते हेच मला लग्नापर्यंत ठाऊक नव्हते. लग्नानंतर बिऱ्हाड केले ते दर्यापूरला. हे तिथे प्राथमिक शाळेत मास्तर होते. तो सगळा मुलूख खाऱ्या पाण्याचा. जमीन काळीभोर, कापूस माणसाच्या छातीला लागेल एवढा येतो, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर उकळली तरी दाणा टणकच राहतो. साबणाला फेस येत नाही. पहिल्याच आठवड्यात ह्यांचे दोन स्नेही घरी आले आणि मी विहिरीच्या पाण्याचा चहा केला. तो कपातच नासला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलेच नाही.

प्यायला पाणी नदीचे. उन्हाळ्यात पात्रात नुसती वाळू. तिथे हातभर खोल खड्डा उकरायचा, त्याला झिरा म्हणतात. पाणी पाझरून जमेपर्यंत काठावर बसून राहायचे आणि वाटीवाटीने गुंड, म्हणजे पितळी घागर, भरायचा. पावसाळ्यात पाणी उदंड, पण चहाच्या रंगाचे.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक बाई राहत असे. शेतकरी घराण्यातली, विधवा, पन्नाशीची. घरची शेती ती स्वतः पाही. सारी गल्ली तिला मोठीबाई म्हणे. तिच्या गाडीवर एक दिवसाआड नदीवरून पाण्याचे टिपाड येई आणि त्यातले दोन गुंड ती आमच्या दारात रिकामे करवी. मला ती मास्तरीण म्हणायची. ती हसली की तिसऱ्या घरात ऐकू जाई. मी तिला भीतही होते आणि तिच्यावाचून माझे चालतही नव्हते.

पाण्याच्या बाबतीत मी आळशी नव्हते, हे मला इथे लिहून ठेवायचे आहे. आलेले पाणी मी ह्यांच्या जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायची. मग पितळी गुंडात तुरटी चार वेळा फिरवायची. तुरटी संपली तर निवळीची बी सहाणेवर उगाळून घालायची. तासाभराने गाळ खाली बसला की वरचे नितळ पाणी अलगद रांजणात ओतायचे. आमचा रांजण मोठा होता, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मातीच्या ओट्यात कमरेपर्यंत बसवलेला. घरमालकाचा होता, घराबरोबर मिळालेला. पाणी इतके नितळ असे की पेल्याच्या तळाशी कोरलेले नाव वाचता येई. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

आणि एक नेम होता. लग्न होऊन निघताना आईने सांगितले होते की घरातले पाण्याचे भांडे कधी कोरडे पडू देऊ नको, दिवेलागणीला तर नाहीच. त्या घरात लक्ष्मी टिकत नाही. मी तो नेम मनापासून पाळला. रांजण अर्ध्यावर आला की भरून घ्यायची. पाच वर्षांत तो एकदाही रिकामा झाला नाही.

मुलगी दोन वर्षांची झाली आणि तिचे पोट बिघडायला लागले. आठ दिवस बरी, चार दिवस जुलाब. आधी मी दात येण्यावर ढकलले, मग उन्हावर, मग कोणाच्या नजरेवर. घुटी झाली, मुरडशेंग झाली, दृष्ट काढून झाली. तिचे हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट तेवढे पुढे आले. चालायला लागलेली मुलगी पुन्हा बसू लागली.

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर नव्याने बदलून आले होते. नागपूरकडचे, केस पिकलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी पाण्याची चौकशी केली. ह्यांनी तुरटीचे आणि फडक्याचे सगळे सांगितले. डॉक्टर म्हणाले, "नितळ आहे म्हणजे चांगलं आहे असं नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. उकळून गार केलेलं पाणी द्या."

मी उकळायला लागले. आमच्याकडे जळण म्हणजे पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडे. त्या कागदासारख्या भसकन पेटतात आणि लगेच विझतात. गुंडभर पाण्याला उकळी येईपर्यंत चुलीपुढून हलायची सोय नाही. वर पाण्याला धुराचा वास लागे. मुलगी तोंडात घेऊन थुंकून टाकी आणि रांजणाकडे बोट दाखवी. मी घट्ट राहिले तोवर तिला थोडा उतार पडला. मग पावसाळा लागला, पऱ्हाट्या भिजल्या, चूल नुसती धुमसायला लागली. कधी उकळले, कधी नाही. ती पुन्हा पडली.

श्रावणात एका दुपारी ती माझ्या मांडीवर एकदम सैल झाली. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे, हाक मारली तरी बघेना. हे शाळेत. मी ओरडायला हवे होते, पण मला ओरडताही येईना. तिला घेऊन मी तशीच मोठीबाईच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने एकदाच पाहिले आणि गडी शेतावर होता म्हणून स्वतः बैल जुंपले. चिखलातून गाडी कशी हाकली ते तिचे तिलाच ठाऊक.

डॉक्टरांनी मुलीच्या दोन्ही मांड्यांत सुया घालून मिठाचे पाणी चढवले. संध्याकाळी तिने डोळे उघडून पाणी मागितले. डॉक्टर मला म्हणाले की उकळणे जमत नसेल तर दुसरा उपाय करा, पण करा, पुढच्या वेळी मी काही सांगू शकत नाही. मग त्यांनी आत नेऊन टेबलावरचे एक भांडे दाखवले. डब्यावर डबा ठेवावा तसे, खाली तोटी. वरच्या डब्याचे झाकण काढले तर आत दोन पांढऱ्या कांड्या उभ्या, मेणबत्तीसारख्या. पाणी त्या कांड्यांतून झिरपत खाली येते, घाण वर राहते, असे त्यांनी समजावले. याला फिल्टर म्हणतात, अमरावतीला मिळतो. केवढ्याला, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, पण विचारले नाही.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी चौकशी केली. पस्तीस रुपये. ह्यांचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता आणि वाण्याची उधारी होती. हे म्हणाले, दिवाळीपर्यंत पाहू. मला माहीत होते की ते नाही म्हणत नव्हते, त्यांच्याजवळ खरेच काही नव्हते.

मोठीबाईने मला भिंतीवरून विचारले, डागदर का म्हणला. मी सांगितले. किती लागतात, असे तिने विचारले. मी खाली बघत सांगितले, पस्तीस, वर मोटरभाडे. ती आत गेली आणि कमरेचा बटवा सोडतच परत आली. दहाच्या चार नोटा माझ्या हातात कोंबल्या.

मी म्हटले, "ह्यांना विचारते."

"विचार ना. पन पैसे हातात धरून विचार. नाई तं मास्तर दोन दिवस विचारच करत बसन."

मी म्हटले, सगळे परत करीन, पण उशीर लागेल. ती म्हणाली, "मंग? मी का कुठं पयून चालली?"

ह्यांचा चेहरा उतरला, पण ते गेले. शनिवारी शाळा सुटल्यावर मोटरने अमरावतीला गेले, राजापेठेतल्या दुकानातून फिल्टर घेतला आणि रविवारी तो धोतरात बांधून मांडीवर घेऊन परत आले. मोटरमध्ये लोकांनी त्यांना फार छळले. कोणी विचारले, मास्तर, रसवंती टाकता काय? कोणी म्हणाले, मुंजीची भिक्षावळ आहे. शेवटी ह्यांनी सांगून टाकले की आत साप आहे. मग मूर्तिजापूरच्या एका माणसाने त्यांना जागा करून दिली. हे सांगताना हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

फिल्टर बघायला गल्ली लोटली. मोठीबाईने झाकण उघडून आत डोकावले आणि म्हणाली, "दोन पांढरे शाळीग्राम बसवले वाट्टे." समोरच्या घरातल्या एका सुनेने हळूच विचारले की या कांड्या हाडाच्या तर नाहीत ना. ह्यांनी तिला भाजलेली माती असल्याचे समजावले, तरी तिने आमच्याकडचे पाणी पुढे कितीतरी दिवस घेतले नाही.

मग एक गंमत झाली, तेव्हा मात्र मला ती गंमत वाटली नाही. मोठीबाईने घरून तांब्याभर विहिरीचे खारे पाणी आणले आणि वरच्या डब्यात ओतायला लावले. आमच्याकडे पाण्याचे दुखणे म्हणजे एकच, खारटपणा. यंत्र खरे असेल तर त्याने मीठ काढले पाहिजे, असे सगळ्यांनी धरून चालले होते. खरे सांगायचे तर मीही. सगळ्याजणी तासभर बसल्या. खाली पेलाभर पाणी आले ते मोठीबाईने तोंडात घेतले आणि अंगणात चूळ टाकली.

"मीठ तं जसंच्या तसं हाये. मंग हे काढते तरी काय?"

ह्यांनी जंतूंचे सांगितले. ते कोणाला दिसत नव्हते. मीठ सगळ्यांना कळत होते. त्या दिवसापासून आमचा फिल्टर गल्लीत नापास झाला. शाळेत हेडमास्तर ह्यांना विचारू लागले, काय मास्तर, यंत्राने समुद्र गोड केला का?

पण आम्ही वापरत राहिलो. नदीचे पाणी मी आधीसारखेच गाळी, तुरटी फिरवी, मग फिल्टरमध्ये घाली. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे कांड्या आठवड्याला मऊ कुंचल्याने धुवी, राख लावत नसे. पाणी थेंब थेंब येई. खालचा डबा लहान, आणि पत्र्याचा असल्यामुळे पाणी कोमट लागे. ह्यांना गार पाणी लागायचे. म्हणून खालचा डबा भरला की मी ते पाणी रांजणात ओतायची आणि सगळे रांजणातूनच प्यायचे. यात काही वावगे आहे असे माझ्या मनात आले नाही. पाणी तर फिल्टरचेच होते.

भाद्रपद गेला, दसरा गेला. मुलगी तशीच. चार दिवस बरी, आठ दिवस आजारी. एकदा जेवताना हे म्हणाले, चाळीस रुपयांचे शोभेचे भांडे आणून ठेवले आपण. ते मला म्हणाले नव्हते, स्वतःलाच म्हणाले होते, पण मी माझे ताट तसेच उचलून ठेवले. मोठीबाई दिसली की मी आत वळायला लागले. तिने पैशांचे नावही काढले नव्हते. तरी मला वाटे की ती विचारील, पोरगी कशी हाये, आणि मी काय सांगू? तिच्या गाडीवरून पाणी आले की मी दार लोटून घ्यायची आणि गड्याला म्हणायची, बाहेरच ठेवा.

दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मुलीचे पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली, आणि जरा रागानेच विचारले की फिल्टर घेतला म्हणता, मग हे काय? मी नेहमीप्रमाणे ह्यांच्या मागे उभी होते. दवाखान्यात, दुकानात, कचेरीत हेच बोलायचे, मी कधी बोलले नव्हते.

डॉक्टरांनी विचारले, "पाणी ठेवता कशात?"

"फिल्टरमध्येच," हे म्हणाले.

ह्यांना माहीतच नव्हते. स्वयंपाकघरात मी काय कशात ओतते हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. मला माहीत होते. रांजण, हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला. ह्यांनी सांगितलेले खोटे कसे पाडायचे, परक्या पुरुषासमोर कसे बोलायचे. डॉक्टरांनी पुड्या बांधून दिल्या आणि आम्ही बाहेर आलो.

पायऱ्या उतरून आम्ही रस्त्याला लागलो. मुलगी ह्यांच्या खांद्यावर होती. तिचा हात ह्यांच्या पाठीवर लोंबत होता आणि मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरली होती. मी थांबले. ह्यांना म्हटले, एक पुडी आत राहिली, घेऊन येते.

मी परत आत गेले. डॉक्टर हात धूत होते. मी दाराशीच उभी राहून, त्यांच्याकडे न बघता, एका दमात म्हटले, "फिल्टरचं पाणी मी रांजणात ओतते. सगळे त्यातूनच पितात."

डॉक्टरांनी हात पुसले. "रांजण कधी घासता?"

"घासत नाही."

"रिकामा करून धूत असाल ना?"

"रिकामा करत नाही. आमच्यात करत नाहीत."

"कधीच नाही?"

मी म्हटले, "मी त्या घरात आले तेव्हाही त्यात पाणी होतं."

ते हसतील किंवा ओरडतील असे वाटले होते. त्यांनी दोन्हींतले काही केले नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले की घरी जाऊन त्याचा तळ पाहा, मग मला काही सांगावे लागणार नाही. पुढे म्हणाले, "तुम्ही परत आलात ते फार चांगलं केलंत, बाई." मला आजवर कोणी असे म्हटले नव्हते. बाहेर हे विचारत होते, मिळाली का पुडी? मी म्हटले, मिळाली.

दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मी रांजणापुढे बसले. तांब्याने पाणी उपसायचे, एवढेच काम. हात पुढे होईना. आईचा शब्द होता. पोर आजारी, दिवाळी तोंडावर, आणि मी माझ्या हाताने घरातले पाणी कोरडे करायचे. त्यातच तिला काही झाले तर मी कोणाला काय सांगणार होते? बराच वेळ बसले आणि मग उठून भिंतीपाशी गेले. दोन महिने जिला टाळत होते तिलाच हाक मारली.

मोठीबाई आली. मी सगळे सांगितले, दवाखान्यात परत गेल्याचेसुद्धा. ती ऐकत होती. मग घरी गेली आणि पाण्याने भरलेला आपला पितळी गुंड कडेवर घेऊन आली. तो तिने देवाच्या कोनाड्याखाली नीट टेकवला.

"हे पाह्य. आता घरात पानी हाये का नाई?"

मी म्हटले, आहे.

"मंग झालं. तुया मायचं बी राहिलं अन् डागदरचं बी. उपस आता."

आम्ही दोघींनी मिळून उपसले. वरचे पाणी नितळ होते. अर्ध्याखाली गेल्यावर त्याचा रंग फिरला. मग वास यायला लागला, म्हशी बसतात त्या डबक्याचा असतो तसा. तळाशी वीतभर काळा लिबलिबीत गाळ होता आणि त्यात तांबड्या दोऱ्यासारखे बारीक किडे वळवळत होते. गाळात हात घालून मी तो वाटीने काढला. त्यात चिंचोके निघाले, एक गंजलेली सुई निघाली आणि काचेच्या हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. ती बांगडी माझी नव्हती. माझ्या आधी कोणी तरी बाई तिथे पाणी भरत असेल, तिची असावी.

एवढे गाळलेले, तुरटी फिरवलेले, थेंब थेंब झिरपलेले पाणी मी रोज माझ्या हातांनी त्या गाळावर ओतत होते आणि पेला भरून लेकीला देत होते. मला रडू आवरेना.

मोठीबाई म्हणाली, "रडू नको वं. मायावाल्या रांजनात का निंगन, मले तं पाह्याची हिंमत बी नाई होऊन राहिली." मग गाळाच्या घमेल्याकडे बघत म्हणाली, "ते यंत्र बिचारं इमानदारीनं काम करून राहिलं होतं. आपनच त्याले बदनाम केलं."

तो रांजण आम्ही त्या दिवसापासून वापरायच्या पाण्याला दिला. मोठीबाईने कुंभाराकडून मला दोन लहान माठ आणून दिले. तोड तिचीच होती. एक माठ भरलेला असायचा आणि दुसरा घासून उन्हात पालथा. दुसऱ्या दिवशी उलट. घर कोरडे पडत नव्हते आणि भांडे शिळे राहत नव्हते. बाजारातून लांब दांड्याचे ओगराळे आणले आणि माठात हात बुडवायची सगळ्यांना बंदी केली. बंदी केली म्हणजे मी बोलले नाही, माठापाशी ओगराळे टांगून ठेवले आणि तिथेच बसून राहायची. हे दोनदा तांब्या घेऊन आले आणि माझ्याकडे बघून ओगराळ्याकडे वळले. ह्यांना मी एवढेच सांगितले की डॉक्टर माठ वापरा म्हणाले. तळाचे सांगितले नाही. मोठीबाईनेही सांगितले नाही. आठ दिवसांनी मात्र तिच्या अंगणात दोन माठ दिसले, एक पालथा.

पहिला महिना मी मुलीचे पाणी फिल्टरमधून काढून वर उकळलेही. मोठीबाईने गोठ्यातल्या कोरड्या पऱ्हाट्यांचा भारा टाकला होता. दिवाळीत जुलाब झाले नाहीत. मी कोणाजवळ बोलले नाही, बोलले तर परत होतील असे वाटायचे. मार्गशीर्षात एकदा झाले, दोन दिवसांत थांबले. संक्रांतीला ती माझ्या ताटातली तीळ लावलेली भाकरी ओढून खायला लागली आणि तूप संपल्यावर ताट पुढे केले. हे तिच्याकडे बघत राहिले आणि आपल्या वाटचे तूप तिला वाढले.

चैत्रात कासार आला. मी मुलीला त्याच्यापुढे बसवले. त्याने मागच्या वर्षीच्या मापाच्या बांगड्या काढल्या आणि तिचा हात दाबून पाहिला. म्हणाला, या होत नाहीत, मोठं माप लागेल. मी त्याला दोनदा विचारले, नक्की? तो वैतागून म्हणाला, बाई, मी काय जास्त पैशासाठी सांगतो का, दोन्ही मापं एकाच भावाची आहेत. मी घरात जाऊन देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा मला मनातून वाटले की ही आता राहणार.

मग मोठीबाईच्या पैशांकडे बघायला मला उसंत मिळाली. औषधाच्या बाटल्या थांबल्या होत्या, पण मास्तरकीत शिल्लक अशी काही पडत नव्हती. मला एक काम बरे येत होते, वाती. आमच्या मुलखात कापसाला तोटा नाही. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, मांडीवर वळायच्या. फुलवाती, समईच्या लांब वाती, श्रावणासाठी लाखाच्या वाती. देवळाच्या पुजाऱ्यांच्या घरून मागणी येऊ लागली, तिथून आणखी चार घरांना कळले. मला कोणाच्या दारात जाऊन विकावे लागले नाही, माणसे येऊन घेऊन जात, त्यामुळे ते मला जमले.

थोडे जमले की मी मोठीबाईला नेऊन द्यायची, कधी दोन रुपये, कधी तीन. नवे पैसे तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. मी एकदा मूठभर नेले तर तिने ते हातात खुळखुळवले. म्हणाली, "हे सदऱ्याच्या गुंड्या मले नोको. वान्याकडून नोटा करून आन." मग मी नोट होईपर्यंत थांबू लागले. कधी वाती गेल्या नाहीत, कधी ह्यांना चष्मा करावा लागला, तेव्हा महिने रिकामे गेले. तिने विचारले नाही. मीही तिला पाहून दार लोटणे सोडले होते.

दुसऱ्या वर्षीच्या कार्तिकात देवळातून मोठी मागणी आली आणि उरलेले सहा रुपये एकदमच हातात पडले. मी मुलीला बरोबर घेऊन गेले. मोठीबाई ओसरीवर सरकी निवडत बसली होती. मी नोटा पुढे केल्या आणि म्हटले, "हे शेवटचे. चाळीस झाले."

तिने नोटा मोजल्या, बटव्यात घातल्या आणि नाडी ओढली. मुलीकडे बघून म्हणाली, "लय वजनदार झाली वं हे पोट्टी. आता गाडीत घालून न्याची म्हनलं तं माये बैल नाई म्हनतीन." मुलगी हसून माझ्या मागे लपली. मग मोठीबाई मला म्हणाली, "झाले मास्तरीण. फिटले."

घरी आले तर हे वह्या तपासत बसले होते. मी त्यांना सांगितले की मोठीबाईचे सगळे पैसे फिटले. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारले, सगळे? मी म्हटले, सगळे.